संस्था काढताना आणि सांभाळताना: वंचित मुलांना शिकवू पाहणाऱ्यांसाठी

वस्तीत शनिवार-रविवारी मुलांना शिकवणारा चार-पाच जणांचा गट असतो. वर्षभर बरं चालतं. कुणी वह्या देतं, कुणी सतरंज्या. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘आता रीतसर संस्था काढू या.’ सूचना चांगल्या मनाने आलेली असते, पण संस्था म्हणजे नेमकं काय गळ्यात पडणार आहे, हे त्या खोलीत बहुधा कुणालाच माहीत नसतं. हा लेख त्या खोलीतल्या लोकांसाठी आहे. यातले कायदे महाराष्ट्रातले आहेत. गोव्यात आपला सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांनी नोंदणीचा भाग तिथल्या वकिलाकडून समजून घ्यावा. बाकीचं बरंचसं त्यांनाही चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. संस्था काढणं अवघड नाही. ती वाचवणं अवघड आहे, आणि वाचवण्याची तयारी भांडण सुरू झाल्यावर करता येत नाही. संस्थेच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, पहिला मसुदा लिहिताना, सभेची नोटीस काढताना, पावती फाडताना ती झालेली असावी लागते.

आधी विचारा: संस्था हवीच का?

रयत शिक्षण संस्थेची स्थापना कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी केली. साताऱ्याचं वसतिगृह १९२४ साली सुरू झालं. कायद्याने नोंदणी झाली ती १९३५ साली. म्हणजे मुलं जेवत होती, शिकत होती, आणि कागद मागून आला. त्या काळचे नियम आज लागू नाहीत हे खरं, पण हा क्रम मला आजही बरोबर वाटतो.

तुम्ही स्वतःच्या खिशातून खडू-वह्या आणून शिकवत असाल, तर नोंदणीची गरज नाही. गरज पडते ती दुसऱ्याचा पैसा हातात आल्यावर. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर कायद्याने बंधनं आहेत, आणि एखाद्याच्या खासगी बचत खात्यावर देणग्या घेणं हा तर त्या माणसाला आयकराच्या नोटिशीपर्यंत पोचवण्याचा खात्रीचा रस्ता आहे.

मधला मार्ग आहे, तो फार कमी लोक वापरतात. गावातल्या एखाद्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या नोंदणीकृत संस्थेला विचारा की तुमचा वर्ग त्यांचा उपक्रम म्हणून चालवता येईल का. त्यांच्या कार्यकारिणीचा तसा ठराव घ्या, उपक्रमाचा हिशेब वेगळ्या खात्यावर ठेवायला सांगा. दोन-तीन वर्षं असं काम करून पाहा. तोपर्यंत गटातले कोण टिकतात आणि कोण फोटोपुरते येतात, ते कळतं. हे कळल्याशिवाय विश्वस्त निवडू नयेत.

‘शाळा’ हा शब्द जपून वापरा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ नुसार मान्यता घेतल्याशिवाय शाळा चालवता येत नाही. एक लाखापर्यंत दंड, आणि नंतरही चालू ठेवली तर दर दिवशी १० हजारांपर्यंत. उत्साहाच्या भरात फलकावर ‘मोफत शाळा’ लिहिलं जातं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पत्र येतं. अभ्यासिका म्हणा, अभ्यासवर्ग म्हणा. पण नुसतं नाव बदलून भागत नाही: शाळेच्या वेळात सहा ते चौदा वयाची मुलं तुमच्याकडे बसलेली असतील, तर तुम्ही त्यांना शाळेपासून दूर ठेवताय असाच त्याचा अर्थ होईल.

खरं तर पहिलं काम मुलाला जवळच्या सरकारी शाळेत नेऊन बसवणं हे असावं. याच कायद्याच्या कलम ४ मुळे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्क मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातल्या मुलासाठी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा, म्हणजे कारखान्याच्या पट्ट्यातल्या शाळेत त्याला बसवणं सोपं जातं. मोठ्या मुलांचं वेगळं. दहावी न झालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुला-मुलींसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म आहे, आणि पुढे पदवी करायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. यातलं काहीही करायला इमारत लागत नाही. कुणीतरी मुलासोबत कार्यालयात जाऊन खिडकीपाशी उभं राहावं लागतं.

जिल्हा परिषदेचे शिक्षक मदतीला येतात ते उत्तमच. त्यांना मानधन मात्र देऊ नका, कारण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करतं, आणि ‘मानधन’ या नावाखाली दिलेला पैसा उद्या त्यांच्याच अंगाशी येतो.

मुलांना राहायला ठेवायचा विचार असेल तर तो किमान पाच वर्षं पुढे ढकला, असं माझं स्पष्ट मत आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. ती नसेल तर संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. शिवाय रात्रीची जबाबदारी ही दिवसाच्या जबाबदारीपेक्षा वेगळ्याच जातीची असते.

ट्रस्ट, सोसायटी की कंपनी

महाराष्ट्रात बहुतेक जण दोनपैकी एक रस्ता धरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली ट्रस्ट, किंवा संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली सोसायटी. सोसायटीला किमान सात सभासद लागतात आणि आपल्याकडे तिला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद करावी लागते. म्हणून सोसायटीकडे दोन प्रमाणपत्रं असतात. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक ‘ई’ने सुरू होतो आणि सोसायटीचा ‘एफ’ने. जुने वकील नुसता क्रमांक ऐकून संस्थेची जात ओळखतात. तिसरा रस्ता कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी. तिचं कामकाज नीटस, पण दर वर्षीची कागदपत्रं भरायला पगारी माणूस लागतो. छोट्या गटाने त्या फंदात पडू नये.

ट्रस्ट आणि सोसायटीतला खरा फरक सत्तेचा आहे. ट्रस्टमध्ये निर्णय विश्वस्तांचा. सोसायटीत सर्वसाधारण सभा मोठी, आणि सभासद यादी ज्याच्या हाती त्याच्या हाती संस्था. लोकशाही म्हणून सोसायटी मला आवडते. पण निवडणुकीच्या तोंडावर एका रात्रीत चाळीस सभासद वाढवून जुन्या कार्यकर्त्यांना घरी बसवल्याचे प्रकार या राज्यात नवे नाहीत. सोसायटी करणार असाल तर घटनेत लिहा की नव्या सभासदाला किमान एक वर्ष मतदानाचा हक्क नाही, आणि सभासदत्व कार्यकारिणीच्या ठरावानेच मिळेल.

घटना: इथे वेळ घालवा

झेरॉक्सच्या दुकानात तयार घटना मिळते. नाव बदलायचं, सही करायची. पंधरा वर्षांनी कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील त्याच झेरॉक्समधल्या एका अर्धवट वाक्यावर तास-तास बोलतात. म्हणून हा भाग स्वतः लिहा आणि नंतर धर्मादाय कार्यालयात काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

उद्देश लिहिताना ‘शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, क्रीडा, कृषी, आरोग्य व इतर’ अशी भेळ करू नका. शिक्षण, शिष्यवृत्ती, व्यवसाय प्रशिक्षण, वसतिगृह, ग्रंथालय, पालकांचं समुपदेशन, एवढं पुरे. पुढच्या वीस वर्षांत जे करावंसं वाटू शकेल ते सगळं लिहा, पण शिक्षणाच्या कक्षेत राहून. सोसायटीचे उद्देश नंतर बदलायचे तर १८६० च्या कायद्यानुसार तीन-पंचमांश मतं आणि दोन वेगवेगळ्या सभा लागतात.

लाभार्थी कोण, हे लिहिताना जातीचं किंवा धर्माचं नाव घालू नका. एका विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मसमुदायासाठी काढलेल्या संस्थेला ऐंशी-जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, मिळत नाही. मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास वर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीची संस्था या बंधनात येत नाही. पारधी वस्तीत काम करायचं असेल तरी घटनेत ‘अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त व आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुले’ असं लिहिलेलं बरं.

विश्वस्त पाच किंवा सात ठेवा. विषम संख्या असली की बरोबरीत अडकायला होत नाही. नवरा, बायको, मेहुणा आणि मेहुण्याचा भागीदार अशी यादी कायद्यात कदाचित बसेल, पण ती पाहिल्यावर कुठलाही समंजस देणगीदार पैसे परत खिशात घालेल, आणि आयकर अधिकारी विश्वस्तांच्या नातलगांना दिलेली प्रत्येक रक्कम तपासेल. ज्या समाजातल्या मुलांसाठी काम आहे त्या समाजातली किमान दोन माणसं विश्वस्त मंडळात असावीत. हे शोभेसाठी सांगत नाही. अडचणीच्या दिवशी पोलीस ठाण्यात वस्तीच्या वतीने बोलायला तीच उभी राहतात. सरकारी नोकरीतल्या मित्राला घेणार असाल तर त्याने आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

मग ते नीरस वाटणारे मुद्दे, ज्यांवर सगळी भांडणं होतात. विश्वस्ताची मुदत किती? सलग तीन सभांना न आल्यास काय? राजीनामा कुणाकडे द्यायचा आणि तो कधीपासून लागू? रिकामी जागा कोण भरणार, किती दिवसांत? सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी: हस्तपोच, रजिस्टर टपाल, ई-मेल? व्हॉट्सअॅप चालेल का? चालणार असेल तर तसं लिहा. गणपूर्ती किती, ती झाली नाही तर तहकूब सभा कधी? अध्यक्षाने सभा बोलावलीच नाही तर कोण बोलावणार? हा शेवटचा प्रश्न निम्म्या घटनांमध्ये अनुत्तरित असतो, आणि संस्था गोठते ती तिथेच. बँकेवर दोन सह्या, त्यातली एक खजिनदाराची, आणि दोन्ही सह्या एकाच घरातल्या नकोत. संस्था विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हेही स्पष्ट लिहा.

संस्थापकाला ‘तहहयात अध्यक्ष’ करावं का? मला विचाराल तर नाही. संस्थापक आजारी पडतात, म्हातारे होतात, हट्टी होतात. त्यांचा मान राखायला ‘संस्थापक-मार्गदर्शक’ असं मताधिकार नसलेलं पद ठेवा.

नोंदणी

जिल्ह्याच्या धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात अर्ज होतो. नमुना परिशिष्ट दोन, आता ऑनलाइन भरून नंतर कागद दाखल करायचे. ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. सोबत विश्वस्तपत्र किंवा घटना, प्रत्येक विश्वस्ताचं संमतीपत्र आणि ओळखपत्र, सत्यप्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेचा पुरावा, जागामालकाचं ना-हरकत पत्र. चौकशी होते, मग नोंद होते आणि परिशिष्ट एकचा उतारा मिळतो. या उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत तेच कायद्याच्या नजरेत विश्वस्त. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचंच रामायण आहे.

कार्यालयाबाहेर ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही. विश्वस्तांच्या सह्या मात्र कोऱ्या कागदावर देऊ नका.

नोंदणी झाली की पॅन कार्ड, बँक खातं, आणि आयकराची नोंदणी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलताना सगळे अजून बारा-ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची नोंदणी) आणि ऐंशी-जी असंच म्हणतात. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याआधी, ठरलेल्या मुदतीत, नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो, आणि ही तारीख चुकली की करमाफी जाते. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करणं, दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला सवलत न मिळणं, दर देणगीदाराचा पॅनसह तपशील भरणं, हे सी.ए. सांगेलच. सी.ए. धर्मादाय संस्थांचं काम नेहमी करणारा निवडा. दुकानांचे विवरणपत्र भरणारा कितीही हुशार असला तरी इथल्या वाटा वेगळ्या आहेत.

परदेशातला पैसा

मराठी माणसाच्या संस्थेला हा प्रश्न लवकरच येतो, कारण कुणाचा तरी मावसभाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याला गावच्या मुलांसाठी काही करायचं असतं. नियम असा: तो भारतीय नागरिक असेल, भारतीय पासपोर्ट बाळगत असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओ.सी.आय. कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ती विदेशी देणगी. मग परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाता येत नाही आणि ही रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

म्हणून मावसभावाने पैसे पाठवण्याआधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. अनवधानाने आलेले दहा हजार रुपयेही विरोधकाच्या तक्रारीत ‘बेकायदा परदेशी निधी’ होऊन बसतात. पासपोर्टची प्रत किंवा निदान त्याचं लेखी निवेदन पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी तीन वर्षांचं काम आणि स्वतंत्र नोंदणी लागते, त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत त्यामागे धावू नका. दहा-बारा घरांकडून दरमहा ठरलेली रक्कम हा नव्या संस्थेचा सगळ्यात भक्कम पाया. एकच मोठा देणगीदार असला की हळूहळू अभ्यासक्रमही तोच ठरवू लागतो.

मुलांची सुरक्षितता

हा भाग वाचून झाल्यावर लगेच अमलात आणायचा आहे. प्रत्येक स्वयंसेवकाची चौकशी, ओळखपत्र, शक्य तिथे पोलीस पडताळणी. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत नको, दार उघडं. मुलीला घरी सोडायला एकट्या पुरुष स्वयंसेवकाने जायचं नाही. मुलांशी खासगी चॅट नाही. पालकांचं संमतीपत्र त्यांना वाचून दाखवून, समजावून घ्यायचं, नुसता अंगठा नव्हे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल असा भिंतीवर.

लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू’ हे वाक्य कितीही समंजस वाटलं तरी ते गुन्ह्यात नेणारं आहे: आपल्या हाताखालच्या माणसाविषयी न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख उघड करायची नाही, ना पत्रकात, ना व्हॉट्सअॅपवर, ना देणगीदाराच्या अहवालात.

फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे. वाढदिवसाला केक घेऊन वस्तीत येणारे आणि मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणारे देणगीदार टाळा. वह्या घ्या, चहा पाजा, आणि वर्ग चालू असताना मागे बसून बघायला सांगा. ज्यांना हे चालत नाही त्यांचा पैसा नसला तरी चालतो.

हल्ला बहुधा आतून येतो

नवीन मंडळींना वाटतं संस्थेचे शत्रू म्हणजे स्थानिक पुढारी, क्लासवाले, संशयी शेजारी. धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर एक दिवस बसून पाहा. तिथे एकमेकांविरुद्ध उभे असतात ते एकाच संस्थेचे आजी-माजी विश्वस्त.

यंत्रणा समजून घ्या. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्ता आली किंवा गेली, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर नवं नाव चढतं. पहिल्या वर्षी विश्वस्त बदलतो, कुणी अर्ज देत नाही, कारण सगळे मित्रच. असे चार बदल साचतात. मग फूट पडते, दोन्ही गट आपापली सभा घेऊन आपापला अर्ज देतात, आणि उताऱ्यावर अजून ती जुनी नावं, ज्यांतला एक वारला, एक पुण्याला गेला. बँक खातं गोठवते, शिक्षिकेचा पगार थांबतो. निकाल लागेपर्यंत त्या वर्षीची सातवीतली मुलं कॉलेजात गेलेली असतात.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. प्रत्येक बदल वेळेत कळवा. उशीर झालाच असेल तर विलंब माफीच्या अर्जासह आजच द्या. प्रत्येक सभेची फाइल अशी ठेवा: विषयपत्रिकेसह नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, पुढच्या सभेत ते कायम केल्याचा ठराव. इतिवृत्ताची वही पानं क्रमांकित असलेली, बांधीव. सुटे कागद नकोत. राजीनामा तोंडी स्वीकारू नका, रागाच्या भरात दिलेला तर मुळीच नाही. तारीख आणि सही असलेला कागद घ्या, आणि त्याच्यासोबत चेकबुक, शिक्के, पासवर्ड ताब्यात घेतल्याची यादी करून दोघांनी सही करा. संस्थेचं ई-मेल आणि संकेतस्थळ कुणाच्या खासगी खात्यावर असू नये.

तक्रार झाली तर

हिशेबाची, गैरकारभाराची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे कुणीही हितसंबंधित व्यक्ती करू शकते. कार्यालय कागदपत्रं मागवतं, निरीक्षक पाठवतं, स्पष्टीकरण विचारतं. गंभीर प्रकरणात कलम ४१-डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर केलं जातं, आणि मालमत्तेला धोका दिसला तर ४१-ई खाली मनाईहुकूम निघतो. आपण स्वच्छ आहोत म्हणून नोटिशीला उत्तर न देणारे भाबडे लोक मी पाहिले आहेत. गैरहजेरीत निघालेला आदेश फिरवायला वर्षं जातात. नोटीस आली की तारीख वहीत लिहा, विश्वस्तांची सभा घ्या, एका माणसाला लेखी अधिकार द्या, मुद्द्याला मुद्दा असं उत्तर कागदपत्रांच्या प्रतींसह द्या आणि पोच घ्या. तक्रारदाराच्या चारित्र्यावर एक ओळही लिहू नका.

विश्वस्तांविरुद्ध कलम ५० खाली दिवाणी दावा लावायचा तर खासगी व्यक्तीला आधी धर्मादाय आयुक्तांची संमती घ्यावी लागते. ही चाळणी तुमच्या बाजूची आहे. संमतीच्या टप्प्यावरच भक्कम म्हणणं मांडा.

जागेच्या बाबतीत कलम ३६ पाठ करा. संस्थेची स्थावर मालमत्ता विकणं, बक्षीस देणं, शेतजमीन दहा वर्षांवर किंवा इतर जागा तीन वर्षांवर भाड्याने देणं, यासाठी आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढतानाही लागते. ‘विकासक’ जेव्हा वर्गखोल्यांच्या जागी इमारत बांधून वरचा मजला फुकट द्यायला येतो, तेव्हा हेच कलम तुमची ढाल असतं.

बाहेरच्या अफवांचा प्रकार वेगळा. धर्मांतर करतात, मुलं पळवतात, परदेशातून पैसा आणतात, असं काहीतरी एकदा तरी उठतंच. तेव्हा वकील नंतर, पालक आधी. दर महिन्याला पालकसभा घेणाऱ्या संस्थेबद्दल उठलेली अफवा वस्तीतच विरते, कारण पोरगं काय शिकतं ते आईने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वर्गाचं वेळापत्रक, पुस्तकांची यादी, वर्षाचा जमाखर्च मराठीत दारावर लावा. शाळेच्या मुख्याध्यापकांना तुमच्या वर्गातल्या मुलांची हजेरी दर तिमाहीला कळवा आणि पोच ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांतले काही तुमच्या वस्तीतले असतील तर तेच तुमचे साक्षीदार. समाजमाध्यमांवर उत्तर द्यायचंच असेल तर एकाच माणसाने, एकदाच, कागद जोडून.

सरकार नाराज झालं तर काय होतं याचं उदाहरणही रयतचंच आहे. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर सरकारने तिचं अनुदान थांबवलं होतं. गाडगेबाबांनी संस्थेसाठी शब्द टाकला, लोक मागे उभे राहिले, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. त्या पाठिंब्याची कमाई आधीच्या तीस वर्षांची होती. तुमच्याकडे एवढा काळ नसेल, तर निदान सहा महिन्यांचे पगार आणि भाडं भागेल एवढी गंगाजळी असू द्या, आणि ती राखून ठेवताना ८५ टक्क्यांच्या नियमाबद्दल सी.ए.शी बोला.

बंद करायची वेळ आली तर

ही वेळ येऊ शकते आणि त्यात नामुष्की नाही. वर्ग मार्चच्या परीक्षा होईपर्यंत चालवा. सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या मुलांची कागदपत्रं, हॉल तिकिटं, मूळ दाखले त्यांच्या हाती देऊन सही घ्या. कर्मचाऱ्यांचे पगार चुकते करा. संस्था नुसती निष्क्रिय ठेवू नका, कारण हिशेबपत्रकं दर वर्षी मागितली जातातच आणि न भरल्याचा दंड उताऱ्यावर नाव असलेल्यांकडे येतो. त्यापेक्षा समान उद्देशाच्या, तुमच्याहून मोठ्या संस्थेशी बोला. कलम ५०-अ खाली दोन विश्वस्त व्यवस्थांचं एकत्रीकरण करता येतं. दोन्ही मंडळांचे ठराव, मालमत्तेची यादी, गेल्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं आणि योजनेचा मसुदा घेऊन वकिलाकडे जा. मसुद्यात तुमच्या वस्तीतला वर्ग किमान किती वर्षं चालू राहील, हे आकड्यात लिहून घ्या.